आत्याची भट्टी आणि माझी आयोडीनची बाटली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आत्याचं नाव घेतो. आई-वडील आधी यायला हवेत हे मला कळतं, पण त्यांनाही याचं कधी वाईट वाटलं नाही. वर्षातले सात-आठ महिने ते मेंढरं घेऊन फिरतीवर असत आणि शाळा काही मेंढरांमागे चालत जात नाही. म्हणून वडिलांच्या या थोरल्या, विधवा बहिणीनं मला सहाव्या वर्षी आपल्याकडे ठेवून घेतलं आणि बी.एस्सी. होईपर्यंत हात सोडला नाही. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्याच हातात आला.

आत्या सेनगावच्या पलीकडच्या डोंगरात राहायची. जीप पायथ्याला थांबे आणि तिथून वाडीपर्यंत पायवाट. दूध खाली न्यायचं तर उन्हात नासायचं. म्हणून वाडीतली आणि शेजारच्या तांड्यावरची मिळून सात घरं आपलं दूध आत्याच्या भट्टीवर घालत आणि ती त्याचा खवा करी. भट्टी म्हणजे दगड-मातीनं लिंपलेली मोठी चूल, वर रुंद लोखंडी कढई आणि आत्याच्या हातात लांब दांड्याचं उलथणं. जाळ तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा. दूध आटत आलं की ती जाळ ओढून घेई आणि कान देऊन बसे. "आता बोलून राहिला बघ," म्हणायची. कढईतून फट् फट् असा जाड आवाज येऊ लागला की खवा झाला. मग त्याचे गोळे पळसाच्या पानांत बांधून, ओल्या फडक्याखाली टोपलीत भरून हिंगोलीला एका मिठाईच्या दुकानात जात.

या सगळ्याला कागद-पत्र काही नव्हतं. कुणाचं दूध किती, कुणाचं पातळ, कुणाचं दाट, हे आत्या सांगेल ते खरं. तिनं सांगितलं आणि कुणी मान डोलावली नाही असं मी तरी पाहिलं नाही. सात घरं तिच्या शब्दावर चालत होती. तिच्याकडे दुसरं होतंच काय?

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि हिंगोलीत वसतिगृहात राहत होतो. दिवाळी जवळ आली की खव्यात भेसळ होते अशी बोलवा उठतेच. त्या वर्षी ती जरा जास्तच होती. दुकानातला खरेदीचा माणूस स्वतः डोंगर चढून वर आला. धापा टाकत ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मौसी, सेठने बोला है, इस बार देखके लेना. लोगां खव्यात पीठ मिळवून राहिलेत."

"बघ की," आत्या म्हणाली. "खाऊन बघ. जीभ हाय ना तुला?"

"जीभ से नहीं चलता अब. तुमचं पोरगं कॉलेजात हाय म्हणता ना? त्यालाच विचारा काही तपासायचं असतं का."

तो बहुतेक थट्टेत बोलला असावा. पण आत्यानं ते मनावर घेतलं. मी रविवारी आलो तेव्हा ती दारातच म्हणाली, "तुमच्या कॉलेजात अशी काही दवा हाय का, खोटा खवा वळखायची?"

"आहे," मी म्हणालो. "आयोडीन. पीठ असलं तर निळं होतं."

"मंग आण. समद्यांसमोर कर. एकदाचं तोंड बंद होऊ दे त्या मेल्याचं."

मी तिला विचारलं होतं, हे मला नक्की आठवतं. "आत्या, खव्यात काय काय घालतेस?" ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत राहिली. "दूध अन् जाळ. आणखी काय लागतं रे?"

पुढच्या रविवारी मी प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडून छोटी बाटली मागून आणली. अंगणात सातही घरांची माणसं जमली. तांड्यावरचा एक म्हातारा सगळ्यात पुढे बसला होता. त्याच्या घरच्या दोन म्हशींचं दूध भट्टीवर येई आणि तो आत्याला बाई म्हणे. दुकानाचा माणूसही आला. आत्यानं मला बसायला पाट दिला. मी पाटावर बसून प्रयोग करणार, हे तिला लग्नकार्यासारखं वाटत होतं.

मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे खव्याचा तुकडा गरम पाण्यात कालवला, पाणी निवू दिलं आणि दोन थेंब टाकले.

पाणी निळं झालं. निळं म्हणजे चांगलं काळपट निळं. मला वाटलं, भांडं खराब असेल. दुसरं भांडं घेऊन पुन्हा केलं. पुन्हा निळं.

"काय झालं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी काय बोलायला हवं होतं? मी वर पाहिलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, भांड्याकडे नाही. मी म्हणालो, "निळं म्हणजे पीठ आहे."

दुकानाचा माणूस उठला आणि चपला घालू लागला. म्हातारा मात्र उभा राहून गरजला, "कोण्या घरचं दूध हाय हे? आमी डोंगर चढून दूध आणून राहिलो, अन् कोण पीठ कालवून राहिलंय?" वाडीतला एक जण म्हणाला, "तांड्याचंच असंल." त्यावर म्हाताऱ्याचा पोरगा पुढे सरसावला. दोघांनीही तुराट्यांच्या ढिगाला हात घातला.

तेव्हा आत्या बोलली. आवाज चढवून नाही. "कोणाकडं बघू नका. दूध समद्यांचं चांगलं हाय. हे माझ्या हातचं हाय. माझ्या कढईत झालं."

म्हातारा तिच्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमी?" आणि काठी टेकत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या घरांचं दूध तपासलं. एकाही दुधात निळं आलं नाही. मला वाटत होतं मी आत्याला सोडवतोय. पण दूध स्वच्छ, खवा खोटा, म्हणजे मधे उरली कोण? माझ्याच हातानं मी तो हिशेब पुरा केला. मग मी परीक्षेचं कारण सांगून हिंगोलीला निघून गेलो.

दुकानानं खवा बंद केला. महिना-दीड महिन्यात घरं एकेक करून गळाली. भट्टी विझली ती विझलीच. बाया पाण्याला जाताना आत्याला म्हणत, "काय अक्का, आज खवा का पिठलं?" ती हसून म्हणायची, "पिठलं. ये भाकर घेऊन." तिचं हे हसणं मला कळत नव्हतं. चोरी सापडलेलं माणूस असं बोलतं का?

खरा गोंधळ पुढे झाला. माझ्या शेवटच्या परीक्षेआधी तिनं एका जीपवाल्याच्या हातून वसतिगृहात खव्याचा गोळा पाठवला. घरच्या म्हशीच्या दुधाचा, पळसाच्या पानात बांधलेला. मी तो उघडला आणि मला स्वतःचीच लाज वाटेल असं काम केलं. त्यातला तुकडा कागदात बांधून प्रयोगशाळेत नेला.

तोही निळा झाला.

मी बाकावर बसून राहिलो. विकायला पीठ घालतात हे समजू शकतो. पण माझ्यासाठी केलेल्या खव्यात? ज्या पोराला तिनं पदराखाली वाढवलं, त्याच्या घासात तिनं पीठ का घालावं? ना भाव, ना वजन, ना गिऱ्हाईक. सवय लागली असेल, असं मी मनाला सांगितलं. मग म्हटलं, म्हातारपण. मग म्हटलं, गरिबी. एकही उत्तर तिला लागू पडत नव्हतं. उरलेला गोळा मी खाल्ला. चव लहानपणीचीच होती, त्यामुळे आणखीच घोळ झाला.

मी पास झालो, शाळेत नोकरी लागली. दर दिवाळीला लुगडं घेऊन वर जायचो. पाया पडायचो. पण आत कुठंतरी मी आत्याला माफ करून ठेवलं होतं. आता वाटतं, माफ करणारा मी कोण? पण तेव्हा ते मोठेपणाचं वाटे. इतके उपकार आहेत, एवढं पोटात घालू, असं.

सहा-सात वर्षं अशी गेली. मग एकदा शाळेच्या मुलांना घेऊन आम्ही शिक्षक नरसीला देवदर्शनाला गेलो होतो. तिथं एका पंगतीसाठी खीर होत होती आणि मी मुलांना सावलीला बसवून चुलवणाजवळ उभा होतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं रिकामी कढई चुलीवर चढवली, शेजारच्या डब्यातून मूठभर ज्वारीचं पीठ घेतलं आणि कढईच्या बुडाला आतून गोल हात फिरवून लावलं. वर दूध ओतलं.

मी विचारलं, "मावशी, खिरीत पीठ घालता?"

"पीठ काहून घालीन?" बाई चिडलीच. "दूध-साखरेची खीर हाय."

"मग आत्ता काय घातलंत?"

"ते व्हय? ते कढईचं. कढईला उपाशी जाळावर ठिवू न्हाई. आधी तिच्या तोंडाला लावायचं, मंग आपलं."

आत्या रोज हेच करायची. जाळ घातला की डब्यातली मूठ, बुडाला गोल हात, मग दूध. सहाव्या वर्षापासून मी ते पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणूनच कधी दिसलं नव्हतं. खव्यात काय घालतेस असं मी विचारलं आणि तिनं खरं तेच सांगितलं. पीठ कढईला दिलेलं होतं, खव्यात घातलेलं नव्हतं. तिच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. माझ्या बाटलीच्या लेखी नव्हत्या.

पुढच्याच सुटीला मी वर गेलो. तोवर डोंगरावर रस्ता झाला होता आणि दूध गाडीनं खाली जात होतं. आत्या शेळीला पाला घालत होती.

"आत्या, तू कढईला पीठ लावायचीस?"

"मंग? लावू नये?"

"तेच निळं झालं होतं गं."

"आसंल," ती म्हणाली आणि पाला घालत राहिली.

"तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"तुझी बाटली काय म्हणती ते मला काय ठावं? तू म्हणलास पीठ हाय, म्हंजी हाय. शिकलेला तू."

"मग माझ्या हातचं आहे असं काहून म्हणालीस?"

"ते दोघं तुराट्या उचलून राहिले होते. तुला दिसलं न्हाई?" मग माझ्याकडे न बघता, "अन् पोरगं पहिल्यांदा चार माणसांत बसून काही सांगून राहिलं होतं. त्याला खोटं कसं पाडू?"

यातलं खरं कारण कोणतं? भांडण टाळणं की माझी लाज राखणं? की तिला खरंच वाटलं, पोराच्या बाटलीनं आपली काही चूक पकडली? मी तीन-चार वेळा विचारलं. तिनं ताट वाढलं. सगळ्या घरांना बोलावून मी खुलासा करतो, असं म्हणालो, तर ती पहिल्यांदा रागावली. "काही गरज न्हाई. पोराचं शिक्षण कच्चं निघालं म्हणतील. माझं काय, मी झाले म्हातारी."

मी खाली आलो. तिचं ऐकावं की ऐकू नये, हे आठ दिवस कळत नव्हतं. आजवर तिचं ऐकूनच माझं भलं झालं आहे. मग एक गोष्ट लक्षात आली. आत्याला वाचता येत नाही. वाडीत पत्र आलं की शाळेतल्या कुणाला तरी बोलावून ते ओट्यावर मोठ्यानं वाचून घेतात आणि ऐकायला निम्मी वाडी बसते. मी पत्र लिहिलं. ते असं :

तीर्थरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे पत्र जो कुणी वाचत असेल त्यानं एवढं करावं. तांड्यावरच्या बाबांना आणि भट्टीवर दूध घालणाऱ्या सगळ्या घरांना आधी बोलवावं. ते येईपर्यंत पुढचं वाचू नये.

मंडळी, त्या दिवशी अंगणात जे निळं झालं ते कढईच्या बुडाला लावलेल्या ज्वारीच्या पिठानं झालं. तुमच्या घरच्या बायाही मोठी कढई चढवताना ते लावतात, घरी जाऊन विचारा. आत्यानं खव्यात कधी काही मिसळलं नाही. मी विचारायला हवं होतं की जाळ घातल्यापासून तू काय काय करतेस. मी ते विचारलं नाही आणि पाटावर बसून निकाल दिला. माझी बाटली खरी होती, मी चुकलो. आत्यानं ते स्वतःवर घेतलं, कारण तुम्ही एकमेकांच्या अंगावर जाणार होता.

आत्या, तू नको म्हणालीस तरी मी हे लिहिलं. तुझं न ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे, आणि हे बरोबर की चूक ते मला अजून समजलेलं नाही. माझं शिक्षण कच्चं निघालं असं कुणी म्हणालं तर म्हणू दे, ते खरंच आहे. पण तू ते स्वतःवर घेतलंस ते भांडणापायी की माझ्यापायी, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी शनिवारच्या गाडीनं येतो. या वेळी ताट वाढण्याआधी सांग.

तुझा भाचा