झाकून ठेवलेला तांब्या

हरतालिकेच्या संध्याकाळी मी रत्नागिरीच्या बाजारात गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीचं सामान घेत होतो. आमच्या शेजारचा सलीम गर्दीतून मला शोधत आला. त्याच्याच जीपमधून वहिनीला इस्पितळात नेत होते. "भाऊ, वहिनी गेल्या... भाट्याच्या पुलावरच." मी त्याच्यावर ओरडलो, काहीतरी बडबडू नकोस म्हणून. सकाळी तिनेच मला कापूर विसरू नका असं बजावलं होतं! पोट बिघडून कुणी असं जातं? अजूनही मला ते खरं वाटत नाही.

दादा, माझा मोठा भाऊ, गणपतीसाठी मुंबईहून आला तेव्हा घाटात त्याला उलट्या झाल्या होत्या. गाडी लागली असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो. दुसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर तो दरवर्षीसारखा सोलकढी करायला बसला, खोबरं स्वतःच्या हाताने पिळून. दोन दिवसांत सगळं घर आडवं. डॉक्टर त्याच्यावर उखडले, "गाडी कसली लागतेय? ही साथ हातावरून जेवणात जाते. उलट्या थांबल्या तरी दोन दिवस चुलीकडे फिरकू नका." एकटी वहिनी उभी होती. आमची उलट्यांची घमेली धुवायची, साबणाने खसाखसा हात धुवायची, मग उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून प्रत्येकाला पाजायची. मी तांब्याच तोंडाला लावला तर म्हणाली, "भावोजी, घोट घोट घ्या. म्हैस आहात काय?"

तिचंही पोट आदल्या दिवसापासून बिघडलं होतं, पण ते तिने कुणाला कळू दिलं नाही. त्यात हरतालिकेला ती पाण्याचा थेंबही घेत नसे. दुपारी न्हाणीच्या दारात कोसळली तेव्हा दादाने पेल्यात मीठ-साखर कालवून ते पाणी तिच्या ओठांशी नेलं. तिने तोंड फिरवलं. "आज नको हो... तुमच्यासाठीच धरलाय ना उपास." दादा इथवर सांगतो आणि उठून अंगणात जातो. मला त्या उपासाचा संताप येतो, तिचाही येतो, आणि भांडायला ती समोर नाही.

सुतकामुळे माटवी रिकामीच राहिली. आता महिना उलटून गेला, तरी स्वयंपाकघराच्या दारामागचा तिचा तांब्या दादा कुणाला हलवू देत नाही. ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी तो मलाच दिसला होता, वाटीने झाकलेला. पाणी जिभेला लावून बघितलं... मीठ-साखरेचं. आम्ही तर सगळे बरे झालो होतो. सकाळी उपास सोडल्यावर प्यायला तिने ते स्वतःसाठी करून ठेवलं होतं.