तळटिपेतली गोष्ट

छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासून ‘भिंगवाल्या बाई’ निवृत्त झाल्या आणि घरी बसून कंटाळल्या. तेवढ्यात एका इतिहासाच्या प्राध्यापकांचा निरोप आला. ते बायबलमधल्या शुभवर्तमानांच्या जुन्या हस्तलिखितांचे फोटो एकमेकांशी ताडून नवी छापील आवृत्ती तयार करत होते. बाई साठाव्या वर्षी ग्रीक अक्षरं शिकल्या आणि कामाला भिडल्या.

"शंभर प्रतींत एकच मजकूर आहे, म्हणजे तोच मूळचा ना?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"शंभरही एकीवरूनच उतरवल्या असतील तर?" प्राध्यापक म्हणाले. "मग साक्षीदार किती?"

बाईंना पटलं. खिळे जुळवणाऱ्या एका कंपोझिटरची चूक पाच आवृत्त्या टिकलेली त्यांनी पाहिली होती.

चौथ्या महिन्यात एक गोष्टच गायब दिसली. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला लोक दगड मारायला आणतात आणि येशू तिला वाचवतो, ती. सर्वांत जुन्या प्रतींत तिचा पत्ता नव्हता. नंतरच्या काहींत ती भलत्याच ठिकाणी होती.

"तुमचं पान चुकलेलं नाही," प्राध्यापक म्हणाले. "अभ्यासकांना हे ठाऊक आहे. तळटीप तुम्हीच लिहा."

बाईंना आईच आठवली. त्यांची आई लग्नाआधी गरोदर राहिली, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं, तेव्हा म्हाताऱ्या धर्मगुरूंनी भर उपासनेत हीच गोष्ट वाचली होती. पोटातलं ते मूल म्हणजे बाईच.

आईपासून लपवणं जिवावर आलं. रविवारी भाजी निवडताना त्यांनी सांगून टाकलं.

आईचे हात थांबले. "म्हणजे खोटी?"

"तसं नाही गं. या पुस्तकात ती नंतर आली, एवढंच कळतं. तोंडोतोंडी आधीपासून चालतही असेल. घडली की नाही, ते ही पानं सांगू शकत नाहीत."

"घातली कुणी?"

"ठाऊक नाही."

आई उठून आत गेली. दोन दिवस घुश्शातच होती. तिसऱ्या दिवशी चहाचा कप आपटून म्हणाली, "वाच बघू, काय लिहिलंयस ते."

बाईंनी वाचलं: ‘नंतरची भर.’

"एवढंच? परवा कुणीतरी चिकटवल्यासारखं वाटतंय. किती जुनी आहे?"

"दीड हजार वर्षांहून जास्त."

"मग तसं लिही की! तेही खरंच आहे ना?"

बाईंनी प्राध्यापकांना विचारलं. ते हसले, मग गंभीर झाले. "आईंचं बरोबर आहे. आपणच अर्धवट लिहिलं होतं."

टीप छापली गेली: ‘नंतरची, पण फार जुनी भर.’