बोटवाल्या मामांचा नारळ

सोलापूरच्या आमच्या शुक्रवार पेठेत एखादं पोर खोकलं, की त्याच्या आईच्या आधी बोटवाले मामा दारात हजर. "आ कर बगू. गिळताना दुखतंय का?" नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. आमची आई वैतागायची, "मामा, चिंचा खाल्ल्यात तिनं, दुसरं काय न्हाय!" मामा गल्लीच्या टोकापर्यंत जायचे, तिथून परत यायचे आणि मला पुन्हा आ करायला लावायचे.

मामा मूळचे माढ्याकडचे. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते, नोकरी सोडल्यावर आमच्या शेजारी राहायला आले. सोलापुरात समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. तो प्रत्यक्ष ओलांडून आलेल्या माणसानं खरं तर ऐटीत राहायला हवं होतं. पण हे जेवता जेवताही उठून दाराशी जाऊन यायचे. मामी म्हणायच्या, "बोट सुटली, पर ह्यांचं हलणं काय थांबंना."

दुसरी तऱ्हा नारळाची. आमच्याकडे नारळावाचून पान हलत नाही. गाडी घेतली, नारळ. दुकान उघडलं, नारळ. पाहुणा आला की टॉवेल, टोपी आणि नारळ. मामा मात्र सत्कार दिसला की मागच्या मागे पसार. माझ्या भावानं नवी मोटारसायकल आणली आणि मोठ्या मानानं नारळ त्यांच्या हातात दिला, "मामा, तुमीच फोडा." तो ओट्यावर ठेवून मामा चालू पडले. अपशकून केला म्हणून भाऊ फणफणला. मी त्यांच्या मागे गेले आणि त्या दिवशी ते त्याबद्दल पहिल्यांदा बोलले.

त्यांचं जहाज बिघडून पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाशी अडकलं होतं. खलाशांचे कपडे धुणाऱ्या म्हातारीनं मामांना जेवायला बोलावलं. ती मूळची त्या बेटावरची नव्हती. ती लहान असताना अमेरिकेनं त्या समुद्रात अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या आणि तिच्या बेटावर आभाळातून पांढरी राख पडली. "पिठागत," मामा म्हणाले. "पोरं खेळली की त्यात. अंगाला फासली." मग कातडी भाजली, केस गळले, पुढे कितीजणींच्या गळ्यात गाठी आल्या. म्हातारीच्या गळ्यावरही ऑपरेशनचा वण होता. शेवटी बेट सोडून सगळे इकडे आले; घरदार तिकडेच राहिलं, पण तिथला नारळ आणि मासा खायची चोरी. समुद्राकाठची ती माणसं डब्यातले मासे विकत घेऊन खात होती. तेच तिनं मामांना वाढलं.

जेवण झाल्यावर तिनं फळीवरचा एक नारळ काढून मामांच्या हातात दिला. दोघांची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि हातवारे. "मला वाटलं, मान दिला. आपल्याकडं देत्यात की." मामांनी तो कपाळाला लावला, पायरीच्या दगडावर फोडला आणि रीतीप्रमाणे पहिला तुकडा घरातल्या लहानग्या नातीच्या हातावर ठेवला. पोरीनं तो लगेच तोंडात टाकला.

म्हातारी किंचाळली. तिनं पोरीच्या तोंडात बोट घालून तुकडा बाहेर काढला. तो नारळ तिच्या बेटावरचा होता. थडगी साफ करायला गेलेल्या कुणीतरी आणलेला. खायचा नव्हता, नुसता बघायचा होता. घरी आलेल्या पाहुण्याला ती आपलं गाव दाखवत होती.

"मग?"

"पोरीला आत धाडली. फुटका नारळ मांडीवर घिऊन बसली. मला वाटलं, आता शिव्या दील. तर एक तुकडा सोताच खाल्ला. 'घर' म्हणाली. आन् हसली." मामांना रडू आवरेना. "पर त्या पोरीच्या पोटात थोडं गेलं असंल का गं?"

एवढ्याशा तुकड्यानं काही होत नाही, असं मी म्हटलं; डॉक्टरांनीही त्यांना तेच सांगितलं होतं. मामांनी मान डोलावली आणि येरझारा चालू ठेवल्या. मला अजून संताप येतो. राख पाडणारे निवांत झोपले असतील आणि माढ्याचा एक स्वयंपाकी एका तुकड्यापायी जन्मभर तळमळत राहिला.

पुढे त्यांनी पेपरात वाचलं, की तिकडच्या एका बेटावर अणुकचरा पुरून वर घातलेलं सिमेंटचं झाकण तडकलंय. मग तर ते गल्लीत दिसेल त्याला अडवून हे सांगू लागले. भाऊ चिडवायचा, "समुद्र कुटं, सोलापूर कुटं!" मामा भडकायचे, "पाण्याला मधी भिंत हाय व्हय रं?"

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यात मामा प्रथमच एका जागी पडून होते, फक्त उजव्या हाताची बोटं चादरीवर चालत होती. ते गेले त्याच्या आदल्या दुपारी मामी जेवायला घरी गेल्या होत्या आणि मी मामांना चमच्यानं पाणी पाजत होते. घोट काही उतरेना.

"मामा, गिळताना दुखतंय का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग बराच वेळ ओठ जुळवत राहिले.

"आन् त्या पोरीला?"