दगडू आबाचा भाव

दगडू आबा आकडा कधी तोंडानं सांगायचा नाही. धुळ्याच्या गुरांच्या बाजारात तो तीस वर्षं दलाल होता, आणि तिथं बैलाचा भाव रुमालाखाली ठरतो. खांद्यावरचा मोठा बागायती रुमाल समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि खालून त्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. घरी पाव्हण्यांना किती भाकरी लागतील, हेसुद्धा आबा असंच विचारायचा म्हणे.

आमची ओळख दवाखान्यातली. तंबाखूनं माझा गाल नेला, त्याची अर्धी जीभ. ऑपरेशन एकाच सर्जननं केलं आणि लाईट घ्यायला, म्हणजे रेडिएशनला, आम्ही एकाच बाकावर बसायचो. वयानं तो माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण सगळे आबा म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागलो. तो मला शेठ म्हणायचा. मी जळगावात जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो. पंक्चरच्या दुकानापासून इथवर आलो ते तोंडाच्या जोरावर. त्या तोंडात आता दोन बोटंही नीट जात नव्हती, आणि पाणी प्यालो तरी कडेनं गळायचं. घरी मी मागच्या खोलीत दार लावून जेवायचो. बायकोलासुद्धा समोर बसू द्यायचो नाही.

आणि हा आबा! माझ्यापेक्षा जास्त कापलेला, तरी दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर डबा उघडून बसायचा. हनुवटीखाली रुमाल, एक घास पाच मिनिटं. लाईटनं चव गेलेली, तरी मधेच थांबून म्हणायचा, "आज मीठ लागनं, शेठ!" जणू लॉटरी लागली. मला त्याचा राग यायचा. राग कसला, मी जळायचो.

उपचार संपल्यावर दवाखान्यातली एक समाजसेविका ताई सगळ्यांना प्रश्न विचारत फिरत होती. मला म्हणाली, "काका, समजा तुमच्यापुढे दहा वर्षं आहेत, या अशाच तोंडानं. तोंड पहिल्यासारखं मिळणार असेल, तर त्या दहातली किती वर्षं सोडाल?"

मी म्हणालो, "दोन." ती लिहायला लागली. मी म्हणालो, "थांब ताई, इतक्यात लिहू नको. समोरून काय म्हणणं आहे?"

"समोर कुणी नाही हो काका. हा नुसता प्रश्न आहे."

जन्मात पहिल्यांदा असा सौदा करत होतो ज्यात समोर माणूसच नव्हता. ती तीन म्हणाली, मी हो म्हणालो. चारला हो, पाचला हो, सहाला मात्र नाही म्हणालो. मग तिनं माझ्या बायकोला, सुनंदाला, वेगळं विचारलं. सुनंदा म्हणाली, "एक दिवससुद्धा देणार नाही. मला माणूस पाहिजे, तोंडाचं काय करायचंय?" मी भडकलो. माझी वर्षं, आणि धरून ठेवणारी ही कोण?

बाहेर आलो तर आबा बाकावर. विचारलं, "तू किती दिलीस?" त्यानं रुमाल टाकला आणि माझा सगळा पंजा धरला. पाच! मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. वरवर हसतो, पण आतून हाही माझ्यासारखाच कंटाळलाय. आठवडाभर मी घरात कुणावर ओरडलो नाही.

पुढच्या खेपेला ताई सहज बोलून गेली की आबांनी एकही वर्ष दिलं नाही. उलट त्यांच्या बायकोनं, अक्कानं, पाच सांगितली. तिला वाटत होतं, भरीत खाता येत नाही तर या माणसाचं जगणं ते काय उरलं? हे कळल्यावर आबानं अक्काला तिथंच झापलं होतं, "मन्हं जगनं शे, तू कसाले मोजस?"

मी तरातरा आबाकडे गेलो. "मला खोटा भाव सांगितलास?"

तो शांतपणे म्हणाला, "मी तुन्हा हात धरा, शेठ. सौदा नही करा." नुसता हात धरला होता म्हणे, भाव नव्हता सांगितला.

पुढच्या वर्षी अमळनेरला माझ्या मुलीचं लग्न होतं. मी मनाशी ठरवलं होतं, पंगतीत बसायचंच नाही. आग्रह करत फिरायचं, म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही. आबाला बोलावलं ते रीत म्हणून. तो येऊन थेट माझ्या व्याह्यांच्या शेजारी पाटावर बसला. वरण-भात कालवून कालवून पातळ केला. भरताचं बोट जिभेला लावलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि हा ओरडला, "लागनं! बठ्ठं लागनं!" सगळी चव लागली म्हणे. आजूबाजूचे हसले. व्याही स्वतः त्याला वरण वाढायला लागले. सुनंदा तुपाची वाटी घेऊन आली आणि त्याच्याशी काहीतरी बोलून खळखळून हसली. ते हसू माझ्या घरात दीड वर्ष ऐकू आलं नव्हतं.

माझ्या मुलीचं लग्न, माझे व्याही, माझी बायको, आणि मधे बसलाय हा! मी जाऊन म्हणालो, "सरक."

लोक म्हणतात, आबानं मला धीर दिला. धीर वगैरे काही नाही, मी जळून बसलो. दुसऱ्याच घासाला वरण सदऱ्यावर गळलं. व्याह्यांनी पाहिलं आणि आणखी भात वाढला. आबानं माझ्याकडे न बघता रुमालाचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं. मी ते वापरलं. त्या दिवसापासून घरी मी सगळ्यांबरोबर जेवतो. याचे आभार मी त्याला कधी मानले नाहीत.

दिवाळीनंतर अक्काचा फोन आला. आबाचं दुखणं उलटलं होतं, आणि ते त्याला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. डॉक्टर म्हणत होते, उरलेली जीभ आणि स्वरयंत्र काढावं लागेल, अन्न पोटात नळीनं द्यावं लागेल; दोनेक वर्षं मिळतील, कदाचित जास्तही. खात्री नाही. आबा त्यांना नाही सांगून आला होता.

मी गाडी काढून आबाचं गाव, सोनगीर, गाठलं. वाटभर त्याला शिव्या दिल्या. तो अंगणात खाटेवर होता, निम्मा झालेला. मी उभ्या उभ्याच सुरू झालो. "त्या ताईला एक वर्ष दिलं नाहीस, आणि आता सगळी सोडून मोकळा झालास?"

"तो तव्हयना भाव व्हता, शेठ. आजना निराळा शे."

"आणि मला विचारलं का नाहीस?"

"तुले सांगं तं तू घासाघीस करशी." आणि हसला. हसताना दुखत होतं, तरी हसला.

अक्कानं दूध-भाकरी कुस्करून आणली. तो खात होता, मी बघत होतो. एक वाटी संपायला पाऊण तास लागला. मधे त्यानं अक्काला सांगितलं, दूध जरा धुरकट लागतंय. ती लटक्या रागानं म्हणाली, "जीभ अर्धी, पन नखरा पुरा!" आणि दोघं हसायला लागली. मी त्या दोघांकडे पाहत राहिलो. त्याचे दिवस संपत आले होते आणि माझी तपासणी साफ निघाली होती, तरी हेवा मलाच वाटत होता.

होळीच्या आधी आबा गेला. दशक्रियेला जो तो म्हणत होता, समाधानानं गेला, शेवटपर्यंत तोंडानं जेवला, तोंडानं बोलला. ते खरं आहे. पण मला ते पटत नाही. मी बरोबर असतो तर डॉक्टरांसमोर ठाण मांडून बसलो असतो. अर्धी जीभ आहे ती राहू द्या, वर्षं थोडी कमी द्या, दुसरं औषध बघा, दुसरा सर्जन बघा. मधला काही ना काही भाव निघालाच असता. तीस वर्षं दुसऱ्यांचे बैल विकणारा माणूस स्वतःच्या वेळी पहिल्याच बोलीला उठून गेला. माझं अजूनही म्हणणं आहे, त्यानं कमी घेतलं.