नातीचा तांब्याचा तुकडा

मी सांडशीत धरलेला तुकडा गॅसवर लाल झाला होता, तेवढ्यात नात अंघोळ करून बाहेर आली. तिने आधी गॅस बंद केला. तोवर मी तुकडा पाण्यात सोडला होता. तिने तो काढला, ओट्याच्या कडेवर ठेवून दाबला, आणि तो वाकला.

नात डोंबिवलीला माझ्याकडे राहून धातूंवर संशोधन करते. हा पेन्सिलीएवढा तुकडा तिने आदल्या दिवशी आणला होता. तांब्यात थोडा दुसरा धातू मिसळलेला. वाकड्या भोकाच्या साच्यातून आठ वेळा दाबून काढलेला. असं केलं की आतले कण बारीक होतात आणि तांबं फार बळकट होतं, असं तिने मला समजावलं होतं. त्या दिवशी तो यंत्रात ताणून किती टिकतो ते बघायचं होतं. त्यावर तिचं वर्षभराचं काम अडलं होतं.

कल्याणला आमचा भांड्यांचा कारखाना होता, तिथे मी चाळीस वर्षं भट्टीवर होते. तांबं ठोकलं की कडक होतं, तसंच ठोकत राहिलं तर तडकतं. म्हणून मधे लाल तापवून पाण्यात घालायचं, म्हणजे ते मऊ पडतं. चौथी शिकलेल्या मला एवढंच येत होतं, पण पक्कं येत होतं. मी तिला म्हटलं होतं, इतका मार दिलात आणि एकदाही तापवला नाही, तुमच्याकडे भट्टी नाही वाटतं? ती हसली होती.

"आजी, याला तापवायचंच नाही. तापवला की गेला."

हे मी नीट ऐकलं होतं. ऐकू आलं नाही, असं मी नंतर तिला सांगितलं, ते खोटं. ही कालची पोर मला तांबं शिकवते, असं वाटलं होतं. तडकला तर रडेल, त्यापेक्षा आपणच करून ठेवू.

ती ओरडली नाही. तिने तिचं काम बघणाऱ्या सरांना फोन लावला.

"सर, सॅम्पल माझ्याकडून खराब झालं. चुकून गरम झालं."

साच्यावर पुन्हा नंबर लागायला चार महिने होते. सर बराच वेळ बोलत होते, ती हो हो म्हणत होती. फोन मागायला मी हात पुढे केला नाही. कांदा चिरत बसले.

तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. तापवला कोणी, हे आम्हा दोघींनाच माहीत आहे.