पारीवरची डावी गाठ

दसऱ्याच्या सुट्टीत कुठेतरी जायचंच, हे मी श्रावणातच ठरवलं होतं. पचमढी खिशाला परवडत नाही, आणि रामटेक इतक्यांदा झालं आहे की तिथली माकडंही आता मला ओळखतात. अशात डोमाजी गुरुजींचं पत्र आलं. आम्ही दोघं नॉर्मल शाळेत, म्हणजे मास्तर घडवणाऱ्या शाळेत, एका बाकावर होतो. आता ते गोंदियाच्या दक्षिणेला, अर्जुनीच्या बाजूला एका लहानशा कसब्यात मास्तर आहेत. ‘आमचा तलाव एकदा बघून जा, नागपूरच्या तलावांचा गर्व उतरेल,’ असं त्यांनी लिहिलं होतं. मी लगेच पिशवी भरली.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्याच शाळेचे देशकर मास्तर दारावर डांबराने नंबर टाकायला आले. यंदा शिरगणती आहे आणि ते काम मास्तरांच्याच गळ्यात पडलं आहे. त्यांनी विचारलं, “घरात चुली किती?”

“एक.”

“मागच्या पडवीत धूर दिसतोय.”

“ती आक्काची शेगडी हो. ती कशाला मोजता?”

आक्का माझी थोरली बहीण. वैधव्य आल्यापासून माझ्याकडे असते आणि चार वर्षं आपला भात वेगळा शिजवते. सोवळ्याचं निमित्त आहे. खरं कारण म्हणजे तिचं आणि माझ्या बायकोचं एकदा जोरात वाजलं, ते. देशकरांनी ‘एक’ लिहिलं आणि ते पुढच्या घराकडे वळले.

ज्यांना या बाजूला जायचं असेल त्यांनी नागपूरहून सकाळची गाडी धरावी आणि दशम्यांची शिदोरी बरोबर घ्यावी. गोंदियाला पुऱ्या मिळतात, पण त्या कधी तळल्या हे विचारू नये. तिथे गाडी बदलावी लागते. मी पूल ओलांडून धावत सुटलो, तेव्हा बिडी ओढत बसलेला हमाल म्हणाला, “दौडो मत, मास्टरसाब. छोटी गाडी है, चलने लगे तब भी पकड लोगे.” त्याचं खरं होतं. त्या छोट्या लाइनवर एका ठिकाणी गार्ड खाली उतरून सीताफळं घेऊन परत चढला. दोन्ही बाजूंना धान होतं, कुठे हिरवंगार, कुठे कडेने पिवळं पडत चाललेलं. तो पिवळेपणा मला तेव्हा पिकल्याचाच वाटला.

स्टेशनापासून कसबा अडीच कोस. गुरुजींनी रेंगी पाठवली होती. रेंगी म्हणजे इकडची हलकी बैलगाडी. पळते छान, पण पाठ ज्याची त्याने सांभाळावी. गाडीवानाने विचारलं, “कायले आले जी इकडं?”

“तलाव बघायला.”

“तरा काय पाहाचा? पानी सरून रायलं.”

हस्ताचा पाऊस यंदा पडलाच नव्हता. हलकं धान कापून झालं होतं, पण भारी धान आत्ता कुठे लोंबीवर होतं. त्याला आणखी एक पाणी मिळालं तर घरात तांदूळ, नाहीतर नुसती तणीस, म्हणजे धानाचा पेंढा. गाडीवानाने हे सगळं बैलांशी बोलावं तसं समोर बघूनच सांगितलं. मग मला तो पिवळा रंग कळला.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आठवडी बाजार, टपालपेटी, चौथीपर्यंतची शाळा आणि पंचायत, एवढं तिथे आहे. गुरुजींच्या घरी चिन्नोरच्या तांदळाचा भात आणि तलावातल्या झिंग्यांची भाजी झाली. भाताचा वास ओट्यापर्यंत आला होता. मी तीनदा वाढून घेतलं, आणि वहिनींनी चौथ्यांदा विचारल्यावर लाजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो. इकडे तलावाच्या बांधाला पार म्हणतात. ती एवढी रुंद की तिच्यावर मोहाची झाडं उभी आहेत. गेल्या वर्षीच्या पावसात तिला भगदाड पडलं होतं. सरकारकडे अर्ज करून वाट बघण्यापेक्षा आपणच बुजवू, असं पंचायतीने ठरवलं. ठराव सोपा होता: चुलीमागे एक माणूस, पंधरा दिवस माती टाकायची. उन्हाळ्यात सगळा गाव पारीवर होता. गुरुजी हे सांगताना इतके खुलले की मलाही घमेलं उचलावंसं वाटलं.

“आणि हजेरी कोण घ्यायचं?” मी विचारलं. मास्तरला दुसरं काय सुचणार!

गुरुजींनी मला कोतवालाच्या घरी नेलं. बुधा कोतवाल म्हातारा आहे, अक्षरशत्रू. त्याने आढ्याला टांगलेला अंबाडीचा दोर काढून दाखवला. काम संपलं त्या दिवशी ज्याने माती टाकली त्याने आपल्या हाताने त्या दोराला एक गाठ मारायची. एक चूल, एक माणूस, एक गाठ. आता तलावात पाणी कमी म्हटल्यावर पंचायतीने तोच दोर धरला होता: एका गाठीला पाण्याची एक पाळी.

इथेच गावाची गंमत झाली होती, अर्थात हसू येण्यासारखी नाही. उन्हाळ्यात ‘चुली किती?’ विचारलं तेव्हा पुष्कळांनी कमी सांगितल्या. दोन भाऊ वेगळे राहत असतील तरी ‘एकच चूल’ म्हणाले. एक माणूस वाचला. आता पाण्याला पाळी एकच. “चोराच्या मनात चांदणं,” गुरुजी म्हणाले, “कुणी तोंड उघडत नाही.” बहुतेकांनी आपसांत अर्धंअर्धं वाटून घेतलं होतं. अडलं होतं ते एकाच घराचं.

फागू नावाचा शेतकरी आणि त्याच्या धाकट्या भावाची विधवा भागरता, यांचं ते घर. नवरा गेल्यावर दोन वर्षं ती मागच्या गुरांच्या कोठ्यात वेगळी शिजवत होती. पाटाच्या शेवटी तिच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं होती, नवऱ्याच्या वाट्याची. उन्हाळ्यात फागूने ‘एकच चूल’ सांगितली आणि माती टाकायला पाठवलं ते भागरतालाच. गाठ एक. फागू म्हणत होता, ती माझ्या घरची, पाणी माझ्या बांध्यांना. तिच्यापुरतं उरत नाही.

“मग ती बोलत का नाही?” मी चिडून विचारलं.

“भासऱ्यासमोर कशी बोलंल?” वहिनी म्हणाल्या. भासरा म्हणजे थोरला दीर. इकडे बाई त्याचं नाव घेत नाही, त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. आणि वेगळी शिजवते हे चारचौघांत सांगणं म्हणजे घराने वाळीत टाकलं हे आपल्याच तोंडाने सांगणं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पारीवर मोहाखाली पंचायत बसली. दोर सरपंचांच्या पुढ्यात. पाळ्या लागत होत्या, आणि फागूचं नाव आलं तेवढ्यात पारीवर एक बाई चढून आली. तिच्या डोक्यावर काहीतरी काळं होतं. मला वाटलं मडकं असेल. तिने ते उतरवून पंचांसमोर ठेवलं, तेव्हा कळलं: मातीची उचलती चूल होती ती. आतून काळी कुळकुळीत, राख अजून तशीच.

भागरताने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, फागूकडे पाठ केली आणि ती कोतवालाशी बोलू लागली. “बुधाजी, इचारा पंचायले. हे चूल कोनाची हाय?”

तिने चूल पंचांकडे आणखी सरकवली.

“दोन साल झाले हिच्यावर माजा भात शिजते. घरात मले कोनी जेव म्हनलं नाई. माती टाकाले मात्र मी. पंधरा दिवस मी. तवा मी घरची, अना पान्याले मी कोनाची?”

फागू उठला. चेहऱ्यावरून वाईट माणूस वाटत नव्हता, हेही लिहायला हवं. “चूल का, कोनीबी उचलून आनते,” तो म्हणाला. “माती माज्या बाईनं बी टाकली. गाठ माज्या घरची हाय.”

सरपंचांनी कोतवालाकडे पाहिलं. बुधाने दोर हातात घेतला आणि डोळे मिटून एकेक गाठ बोटांखालून सरकवू लागला. आम्ही सगळे त्याच्या बोटांकडे बघत होतो. एका गाठीवर तो थांबला, मागेपुढे चाचपली, मग दोर सरपंचांपुढे धरला. “हे गाठ पाहा. बाकी साऱ्या उजव्या, हे डावी. आपल्या गावात डाव्या हातानं काम करनारी कोन हाय?”

बाया पदराआड कुजबुजल्या. भागरताचा हात चुलीच्या काठावर होता. डावा.

सरपंचांनी ती गाठ स्वतः चाचपून पाहिली. मग म्हणाले, “हात तिचा, चूल तिची, गाठ तिची. पाळी तिची.” फागूसाठी त्यांनी एक वाट ठेवली: तुडुमापासून, म्हणजे पारीतून पाणी सोडायच्या दारापासून, शेवटच्या बांधीपर्यंतचा पाट एकट्याने साफ करावा, मग त्याचीही गाठ पडेल. फागू निघून गेला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या, पण आजूबाजूचे चेहरे पाहून हात मांडीवरच राहिले. कुणालाच आनंद झालेला नव्हता.

घरी येऊन मी वहिनींना म्हटलं, “जिंकली की हो बाई!”

त्या तांदूळ निवडत होत्या. “जितली म्हना. पन उचललेली चूल पुना त्या घरात मांडत नाई आमच्याकडं. पानी भेटलं, घर गेलं.”

सकाळी चूल उचलताना त्या बाईला हे ठाऊक होतं, आणि तरी ती पार चढून आली होती. मी मात्र तिथे बसून मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो. स्वतःची लाज वाटली.

चौथ्या दिवशी पहाटेच्या रेंगीने निघालो. उजाडता उजाडता पाटाच्या कडेने आलो तेव्हा पाणी चालू होतं, गढूळ, पानं वाहवत नेणारं. शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाच्या डहाळ्यांची एक खोपडी उभी राहिली होती, आणि तिच्यासमोर चूल पेटली होती. भागरता फुंकत होती. वर पाटात, बराच मागे, एक माणूस फावडं मारत होता. फागूच होता का, ते धुक्यात कळलं नाही. मी गाडी थांबवायला सांगितली नाही. गाडी गाठायची होती.

छोटी गाडी, मग मोठी गाडी. शिदोरीत वहिनींनी चिन्नोरचा भात बांधून दिला होता; तो गार झाल्यावरही त्याचा वास गेला नव्हता.

घरी पोचल्यावर आक्काने पाय धुवायला पाणी दिलं, आणि रात्री सगळं ऐकून घेतलं. गोष्ट संपली तेव्हा तिने एकच विचारलं, “मग त्या बाईचं धान वाचलं का?” मला ठाऊक नव्हतं. महिन्याभराने गुरुजींचं कार्ड आलं. भागरताचं धान उभं राहिलं. फागूने पाट साफ केला, पण त्याच्या खालच्या बांध्या तोवर वाळल्या होत्या. वरच्या तेवढ्या आल्या. भागरता कापणी झाली तरी खोपडीतच आहे. कार्ड मी आक्काला वाचून दाखवलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि पडवीत गेली.

त्यानंतरच्या रविवारी देशकर मास्तर याद्या ताडून बघायला पुन्हा आले. दारावरचा नंबर वाचून म्हणाले, “तुमचं ठीक आहे. चूल एक.”

“दोन लिहा,” मी म्हटलं.

मागच्या पडवीत शेगडी फुंकण्याचा आवाज येत होता, तो थांबला. “दुसरी कुणाची रे?” आक्काने तिथूनच विचारलं.

“तुझी,” मी म्हटलं.

देशकरांनी खोडून दोन लिहिलं. ते पायऱ्या उतरून गेले तरी पडवीतला आवाज पुन्हा सुरू झाला नव्हता, म्हणून मी आत डोकावलो. आक्का फुंकणी मांडीवर ठेवून बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती. मला बघून म्हणाली, “धूर झालाय.” शेगडी केव्हाच विझली होती.