व्हय म्हाराजा

नारळ फुटून पाणी दगडावर सांडलं, की त्या गोडसर ओल्या वासाने माझी जीभ अजून जड होते. साठ सालाच्या आसपास माल बोटींऐवजी ट्रकने हमरस्त्यावरच्या कसालला उतरू लागला आणि आमच्या बंदरावरचा बाजार ओस पडला. मी तिथे शिंपीकाम करायचो. खिशात भावाचं पत्र होतं, मुंबईत गिरणीत जागा आहे, लगेच ये. त्याच सकाळी सगळे दुकानदार देवळात जमले. कुणी दुकान सोडायचं नाही, बाजार पुन्हा उभा करायचा, असं ठरलं आणि किराणावाल्या म्हाताऱ्याने, तोच गावचा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घातलं. एकाने मागणं मागायचं, बाकीच्यांनी होकार द्यायचा, अशी रीत. “बा देवा म्हाराजा, बंदरावरचो बाजार परत भरांदे!” “व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात ओरडले. “जो कोण दुकानाक कुलूप घालून मुंबयक जायत, तेची वाट तू अडव!” धुपाने डोळे चुरचुरत होते, दोन्हीकडून खांदे घासत होते. शेजारचा बांगडीवाला कुजबुजला, “बोल रे, गप कित्याक?” मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. पत्र मशीनच्या खणात गेलं. बाजार खरंच भरू लागला, आणि वर्षभरात म्हातारा दुकान विकून मुंबईला मुलाकडे निघाला. धक्क्यावर मी त्याला अडवलं, तर बोटीत चढता चढता तो हसला, “अरे, गाऱ्हाणा घालणारो स्वतः ‘व्हय’ म्हणता काय खंय?” आता वयाने मोठा म्हणून गाऱ्हाणं मीच घालतो, मला ‘व्हय’ म्हणावं लागत नाही. पण मुंबईहून ‘ये’ म्हणणारं कुणी राहिलेलं नाही.